लाटांच्या तळ्यातल्या सुमनताई

आमची गाडी बऱ्हाणपूरच्या बाहेर पडली तेव्हा नुकतंच उजाडलं होतं. खिडकीशी सुमनताई बसल्या होत्या, माझ्या मोठ्या जाऊबाई. मांडीवर दराब्याचा डबा (रवा, साखर आणि तूप हलकं होईपर्यंत घोटून केलेलं आमच्याकडचं गोड) आणि पायाशी पिठाची पिशवी. खकनारजवळच्या खेड्यातून त्या आदल्या दिवशीच आमच्याकडे मुक्कामाला आल्या होत्या. लग्न होऊन तीस वर्षं व्हायला आली, तरी लग्नकार्य नाहीतर तेरावं-चौदावं सोडून त्या कुठे गेल्याचं मला आठवत नाही. नुसतं फिरायला म्हणून त्या पहिल्यांदाच निघाल्या होत्या.

मी बऱ्हाणपूरला शाळेत शिकवते; ही सहल माझ्याच डोक्यातून निघाली होती. त्या वर्षांत आमच्या भागातली पोरं भराभर पुण्याच्या कंपन्यांना लागत होती. सुमनताईंचा निलेशही लागला, आणि दर दिवाळीला काहीतरी नवीन ऐकवू लागला. असंच एकदा तो एका मोठ्या मनोरंजन पार्कचं रंगीत माहितीपत्रक घेऊन आला. पार्कला लागूनच झाडीत लाकडी केबिनी होत्या. एका केबिनीत आठ माणसं झोपतील अशा एकावर एक खाटा, समोर अंगण, शेकोटीची जागा. मी म्हटलं, सगळे मिळून जाऊ या. दादांची, म्हणजे माझ्या मोठ्या दिरांची साठी होतीच, निमित्त मिळालं.

माहितीपत्रकात एका तळ्याचं चित्र होतं. यंत्राने त्यात समुद्रासारख्या लाटा उठवतात. सुमनताईंनी ते चित्र हातात धरून पुष्कळ वेळ पाहिलं.

"हे पानी खरं आहे का गं, का नुसतं चित्र?"

"खरं आहे."

"बायांले उतरू देतात?"

"देतात की. कपडे तेवढे वेगळे लागतात, साडी चालत नाही."

त्यांनी माहितीपत्रक घडी घालून ठेवून दिलं. पण त्यांचं माहेर तापीच्या अगदी काठावरचं आहे, म्हशीची शेपटी धरून त्या पोहायला शिकल्या, हे मला ठाऊक होतं. सासर पडलं माळावरचं. केळीला पाणी विहिरीचं. पंधरा दिवसांनी मी गावी गेले तेव्हा त्यांनी कोठीतून एक पिशवी काढून दाखवली. नायलॉनची काळी सलवार आणि गुडघ्याखाली येणारा, लांब बाह्यांचा कुर्ता. "खकनारच्या शिंप्याले सांगितलं, सुनेसाठी पाहिजे म्हणून," असं म्हणून त्या तोंडाला पदर लावून हसल्या.

बाकीचं नियोजन पुरुषांनी हातात घेतलं. मी सुचवलं होतं, जेवण तिथल्या खाणावळीत करू, चार दिवस बायकांना सुट्टी. माझ्या यजमानांनी मान डोलावली, दादांनीही डोलावली. मग निलेशशी फोनवर बोलणं झालं आणि स्वयंपाकघर असलेली केबिन ठरली. "घरचं जेवण ते घरचं जेवण," दादा म्हणाले. पिठाची पिशवी गाडीत आली ती अशी.

रावेर, सावदा मागे पडलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच केळी, वजनकाट्यांपाशी ट्रक उभे. अजिंठ्याचा घाट चढताना आमच्या लेकीला, गौरीला मळमळलं. सुमनताईंनी तिला आवळासुपारी दिली आणि स्वतःच्या जागी, खिडकीशी बसवलं. पुढे एका ढाब्यावर थांबलो. दादांनी तिथल्या खाटेवरच कळण्याच्या भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेल्या) आणि ठेचा सोडायला लावला. ढाबेवाला येऊन उभा राहिला.

"पाहुणे, बसा बिनधास्त. पण चहा तरी आमचा घ्या."

"घेऊ की," दादा म्हणाले आणि बायकोकडे वळले, "थर्मासमध्ये आहे ना?"

ढाबेवाला हसला. सुमनताई ओशाळून खाली बघत राहिल्या. शेवटी माझ्या यजमानांनी पाच चहा मागवले.

पुण्यात निलेशच्या फ्लॅटवर मुक्काम केला आणि सकाळी तो, त्याची बायको पूजा आणि लहानगा वेद यांना घेऊन पुढे निघालो. डोंगराच्या कुशीत वळण घेतलं आणि झाडांच्या डोक्यावरून एक अजस्र पाळणा दिसू लागला. वेद टाळ्या पिटू लागला. सुमनताईंनीही मान पुढे काढली.

जागा सुंदर होती, नाही कशाला म्हणू? ऐनाची आणि जांभळीची झाडं, त्यांच्यामध्ये ओळीने लाकडी केबिनी, ओल्या लाकडाचा वास. दारातल्या कचेरीत एक मुलगी प्रत्येकाच्या मनगटावर कागदी पट्टी चिकटवत होती. दादांना निळी, यजमानांना निळी, निलेश, पूजा, गौरी, वेद सगळ्यांना निळी. सुमनताईंना आणि मला हिरवी.

"ही वेगळी का?" मी विचारलं.

"निळी पार्कसाठी, मॅडम. हिरवी फक्त मुक्कामासाठी."

मी निलेशकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर अपराधाचा लवलेश नव्हता, उलट काळजीच होती. "काकू, तुम्ही दोघी कुठे त्या झोपाळ्यांत बसणार? चक्कर येते, बी.पी. वाढतं. तुम्ही इथे निवांत आराम करा."

"तुझ्या आईला विचारलंस?"

"तिला काय विचारायचं? आई, तुला जायचंय का त्या गर्दीत?"

सगळे सुमनताईंकडे बघू लागले. असं भर दारात, सामान हातात असताना विचारल्यावर कोणती बाई हो म्हणेल?

"नाई रे," त्या म्हणाल्या. "मी कायले येऊ?"

गौरी तेवढी तणतणली. "ये क्या बात हुई? मम्मी, तुम्ही दोघी पण चला ना." पण पाळण्याकडे निघालेला घोळका हाका मारत होता. ती जरा घुटमळली आणि गेली.

त्या दुपारी आम्ही दोघींनी आठ माणसांची कणीक मळली. स्वयंपाकघर म्हणजे भिंतीतला कोनाडा. दोन बर्नर, एक छोटी मोरी. झाडांपलीकडून किंचाळ्या आणि हसणं ऐकू येत होतं. सगळे आले ते भुकेलेले, लालबुंद, एकमेकांना गोष्टी सांगत. दादा वांग्याच्या भाजीवर बोट ठेवून म्हणाले, "याले म्हणतात सहल!"

दुसऱ्या दिवशी सगळे पुन्हा गेल्यावर मी बटाटे बाजूला सारले. "ताई, ते कपडे आणलेत ना?"

"आणले. पन राहू दे. हे काय म्हनतील?"

"म्हणू देत. घाला ते."

मी कचेरीत जाऊन दोन निळ्या पट्ट्या घेतल्या. परत आले तोवर त्या आत जाऊन कपडे बदलून, दाराआड उभ्या होत्या. साडीशिवाय मी त्यांना प्रथमच पाहत होते. त्यांची उंची मला तेव्हा कळली.

लाटांचं तळं निळ्या फरशीचं होतं आणि त्याला उतरता किनारा होता. दुपारची गर्दी, लाउडस्पीकरवर गाणी. सुमनताई काठाला थांबल्या, वाकून पाण्याला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला. मग कुणाला न विचारता चालत आत गेल्या. गुडघे, कंबर, छाती. भोंगा वाजला, लाटा सुरू झाल्या. किनाऱ्याशी बसलेली माणसं आरडाओरडा करत एकमेकांना धरू लागली. सुमनताईंनी एक बुडी मारली आणि लाटेच्या पलीकडे वर आल्या.

उंच खुर्चीवरच्या रखवालदाराने शिट्टी तोंडाला लावली. क्षणभर तो त्यांचे हात बघत राहिला. मग त्याने शिट्टी खाली सोडली.

त्या पोहत होत्या. हात लांब टाकून, घाई न करता, लाट आली की तिच्या अंगाने तिरक्या होत. खोल टोकाच्या दोरीपर्यंत गेल्या, वळल्या आणि पाठीवर पडून राहिल्या. केस सुटून भोवती पसरले होते. डोळे मिटलेले. मी गुडघाभर पाण्यात उभी राहून त्यांच्याकडे बघत होते आणि मला काहीही सुचत नव्हतं, इतकी मी आनंदले होते.

"हे काय चाललंय?"

मागे दादा उभे होते. हातात आईस्क्रीमचा कप. त्यांच्यामागे निलेश आणि पूजा.

"ताई पोहतायत," मी म्हटलं.

दादांनी चारी बाजूंना पाहिलं. आमच्याकडे कुणाचंही लक्ष नव्हतं. तरी ते काठाशी गेले आणि दबक्या, घट्ट आवाजात म्हणाले, "ओ! निघ बाहेर. लोकं पाहून राहिले."

एवढ्या गोंगाटात तो आवाज त्यांना कसा ऐकू गेला कोण जाणे. त्यांनी डोळे उघडले, उथळ पाण्यात येऊन उभ्या राहिल्या आणि लाटांना पाठ देत चालत आल्या. कुर्ता अंगाला चिकटला होता, तो हाताने ओढत, खांदे आत घेत. पाण्यातून येता येताच त्यांची उंची कमी झाली. निलेशने मान फिरवली. पूजाने स्वतःचा टॉवेल त्यांच्या खांद्यावर टाकला. तेवढं तिचं चांगुलपण नोंदवायला हवं.

"दादा, काय बिघडलं?" मी विचारलं. "तुम्ही सगळे पाण्यात होतातच ना?"

"तुले शहरातल्या मास्तरणीले समजनार नाई," ते म्हणाले. माझे यजमान तेवढ्यात येऊन पोचले होते. त्यांनी माझा दंड धरला. "जाऊ दे, आता सहल खराब नको करू."

म्हणजे सहल मी खराब केली होती.

संध्याकाळी सुमनताईंनी ओल्या केसांना गाठ मारून पोळ्या लाटल्या. दादांनी तिसरी पोळी मागितली, त्यांनी वाढली. परतीच्या वाटेवर दादा पुढे ड्रायव्हरशेजारी बसले आणि केळीच्या भावाबद्दल बोलत राहिले. मी सुमनताईंचा हात हातात घेतला होता. रावेरच्या आसपास त्यांनी तो हळूच सोडवून घेतला आणि रिकामे डबे एकात एक बसवले.

दिवाळीला आम्ही सगळे गावी जमलो. देडतलाईचे पाहुणे आले होते. गप्पांत सहलीचा विषय निघाला आणि दादा रंगात आले. "आमच्या हिची तर मजाच झाली! काठावर उभी होती, पाय घसरून गेली ना खोल पान्यात! निलेश होता म्हनून बरं, धरून काढली बाहेर."

पाहुणे हसले. निलेशही तिथेच होता. त्याने नाही म्हटलं नाही. माझे यजमान फराळाच्या ताटाकडे बघत होते.

मी तोंड उघडलं तेवढ्यात सुमनताई चहाचा ट्रे घेऊन आल्या. पाहुण्या बाईंनी कळवळून विचारलं, "खरंच का हो, पडल्या होत्या तुम्ही?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. कप सगळ्यांच्या हाती दिले, आणि म्हणाल्या, "हो ना. पडले होते."

आता घरात हीच गोष्ट चालते. लहानगा वेदसुद्धा तशीच सांगतो, हातवारे करून. आणखी काही वर्षांनी दुसरी गोष्ट कुणाला आठवणारही नाही. म्हणून हे लिहून ठेवलं. प्रवासवर्णन म्हणून वाचा किंवा वाचू नका. तो डोंगर, त्या केबिनी, तो पाळणा कुणीही जाऊन बघू शकतो. पण मी गुडघाभर पाण्यात उभी होते आणि मी पाहिलं आहे. त्या पडल्या नव्हत्या.