रांजणाजवळची व्हायोला

आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. त्यामुळे लिहायला बसलो की हे आपलं काम नाही, असं वाटत राहतं. फुलझाडांतलं तर मला फारच थोडं कळतं. तरी एका कुंडीबद्दल लिहितो आहे. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

हिवाळ्यात वनस्पतिशास्त्राच्या मॅडमनी मला व्हायोलाचं रोप दिलं. इवली जांभळी फुलं, मधे पिवळा ठिपका. "थंड मुलखात हे वर्षानुवर्षं जगतं," त्या म्हणाल्या. "इथल्या उन्हाळ्यात माझी सगळी मेली. तुला जमतं का बघ."

यवतमाळला माझी होस्टेलची खोली पत्र्याखाली. म्हणून होळीला कुंडी दारव्ह्याजवळच्या आमच्या गावी नेली आणि आईकडे सोपवली. तिने ती अंगणात, कडुनिंबाखालच्या रांजणाला टेकवून ठेवली. रांजण पाझरतो, तिथली जमीन कायम ओली असते. दुपारी ती कुंडीभोवती ओलं पोतंही लावायची.

शेजारची काकू हसायची. "भाजी ना फळ, कायले पोसून राह्यली व बाई?"

"पोराचं हाय," आई एवढंच म्हणायची.

परीक्षा चालू असताना एका रविवारी घरी गेलो, तर कुंडीत दोन बोटं उंचीचे नुसते खुंट.

"माय, हे काय केलं तू?"

"लांबलांब होऊन पिवये पडून राह्यलते. खुडले. पऱ्हाटीचे शेंडे खुडतो न आपण? मंग फुटते."

"हे पऱ्हाटी हाय काय? सत्यानास केला तू!"

बाबा आतून म्हणाले, "कॉलेजात हेच शिकवते काय, मायवर वरडाले?"

मी तसाच यवतमाळच्या जीपमध्ये जाऊन बसलो. आईने बांधलेला डबा ओट्यावरच राहिला.

मॅडमना घाबरत सांगितलं. त्या म्हणाल्या, "अरे, ऊन वाढलं की अशीच छाटायची असते. मला दर वर्षी फुलांचा मोह व्हायचा, मी छाटलीच नाही. आता मुळं तगली तर तगली."

माझी मान खाली गेली. पुस्तक न उघडता, पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, ओळींत वाकून वाकून आईचे हात जे शिकले होते, त्यावर मी ओरडलो होतो. त्या संध्याकाळी फोन केला. माफी मागायची होती, तोंडातून निघालं, "जेवली काय?"

"जेवली," ती म्हणाली.

उन्हाळ्याच्या सुट्टीतही मी कामासाठी यवतमाळलाच राहिलो. पुढे पावसाळाभर फोनवर आम्ही सोयाबीन, पाऊस, बाबांचा गुडघा, सगळ्यावर बोललो. कुंडीचं तिने काढलं नाही आणि मला विचारायचा धीर झाला नाही.

दिवाळीच्या थोडं आधी, सकाळी वर्गात शिरतानाच तिचा फोन आला.

"बाबू, तुह्या मॅडमले सांग. दोन फुलं आले. जांभयेच हाय. अन् काकू फांदी मागून राह्यली. देऊ काय?"