कच्चा चुना

ऑगुस्तूफच्या जुन्या कालव्यावर, आमच्या गावाच्या खालच्या अंगाला, होड्या वर-खाली करायचा दगडी हौद आहे. त्याची लाकडी दारं हातानेच फिरवावी लागतात. विन्सेंतीने ती चाळीस वर्षं फिरवली. त्याने अंथरूण धरलं तशी त्याची बायको गेनोवेफा फिरवू लागली. मूलबाळ नव्हतं. जीव लावायला तो हौदच काय तो होता.

विन्सेंती तसा गरीब माणूस, पण सिमेंट दिसलं की त्याचं डोकं फिरायचं. कालवा बांधणाऱ्यांनी इथलाच चुना भाजून दगड बसवले होते, आणि पाण्यात राहूनही तो चुना टिकला होता. मध्ये कोणा साहेबाने दरजांत सिमेंट भरलं. पहिल्याच हिवाळ्यात दगड फुटले. विन्सेंतीने छिन्नी घेऊन सगळं खरवडून काढलं. "सिमेंट दगडाचं नाक दाबतं," म्हणायचा. नोकरी जाता जाता राहिली.

त्यांच्या घरात रीत होती. हौदाचा राखणदार गेला की त्याची शवपेटी होडीत ठेवून त्याच हौदातून चर्चकडे न्यायची, आणि दारं बायकोने उघडायची. सासरे तसेच गेले. गेनोवेफानेही नवऱ्याला तसा शब्द दिला होता.

तो मे महिन्यात एका सोमवारी गेला. कालवा संरक्षित झाल्यापासून दुरुस्ती जुन्या पद्धतीनेच करतात. त्यासाठी हौद रिकामा केलेला होता आणि दरजांत शनिवारीच नवा चुना भरला होता.

दुरुस्तीवरचा इंजिनिअर राफाऊ टोपी काढून तिच्या दारात उभा राहिला. "काकू, हौद भरून देतो. चुना वाहून गेला तर पुन्हा भरू. काकांसाठी एवढं तर करू द्या."

ती शिडीने हौदात उतरली. दरजेत बोट दाबलं. नख सहज आत गेलं.

"कच्चा आहे," वर येऊन ती म्हणाली. "ट्रॅक्टर सांग."

मला तिचा राग आला, खोटं कशाला बोलू? खड्ड्याखड्ड्याला ट्रॅक्टरवर पेटी आदळत होती आणि ही बया कोरड्या डोळ्यांनी मागून चालत होती.

तीन आठवड्यांनी पाणी सोडलं. एकही दरज सुटली नाही. सगळे कौतुक करून घरी गेले, ती मात्र काठावरच बसून राहिली. मी जाऊन शेजारी बसले.

"तेव्हा पाणी सोडलं असतंस, तर तो पेटीतून उठून भांडला असता तुझ्याशी," मी म्हटलं.

"ठाऊक आहे गं. त्याच्या मनासारखंच झालं," ती म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना. "पण मला इथून न्यायचं होतं ना त्याला."