बेल्ह्याहून परत आलेलं दावं

नव्वदच्या दशकात आमच्या पिंपळवंडीत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच हिशेब होता. बैल बसून खातो, ट्रॅक्टर चालला तरच खातो. हिशेब इतका सोपा की तो चुकत असेल अशी शंकाही कोणाला आली नाही. आणि आमच्या वडिलांना तर हिशेबाचा भारी नाद.

गोठ्यामागं आमचा गोबरगॅस होता. दोन बैल आणि एक गाय यांचं शेण आई रोज सकाळी पाण्यात कालवून टाकीत सोडायची. त्यावर घराचा सगळा स्वयंपाक निघायचा. चुलीच्या धुरानं आईला दमा लागला होता, तो गॅस आल्यावर इतका निवळला की ती भाकरी थापताना गुणगुणायला लागली. आम्हा भावंडांना याचंच नवल, कारण तोवर स्वयंपाकघरातून फक्त तिचा खोकला ऐकू यायचा.

शेजाऱ्यांनी ट्रॅक्टर घेतला आणि तो भाड्यानं मिळू लागला. आमची दोन-तीन दिवसांची नांगरट दुपारच्या जेवणाआधी उरकली. वैरण, पेंड, पाणी, सगळं कसं वाचेल ते वडिलांनी आईला समजावून सांगितलं.

"आन् शेण?" आईनं विचारलं.

"गाय हाय की. शेणासाठी कोण बैल पोसतं व्हय?"

बैल बेल्ह्याच्या बाजारात गेले. निघताना आईनं त्यांच्या पायांवर पाणी घातलं, कपाळाला कुंकू लावलं. आमच्याकडं जनावर विकलं तरी त्याचं दावं गिऱ्हाइकाला देत नाहीत. दाव्याबरोबर घरची बरकत जाते म्हणतात. वडिलांनी बाजारात बैलांना नव्या दोऱ्या लावल्या आणि जुनी दावी खांद्यावर टाकून परत आणली. ती गोठ्यातल्या खुंटीला अडकवली आणि समाधानानं जेवले. दाव्याची एवढी काळजी करणाऱ्या माणसाला शेगडीची आठवण होऊ नये, याचा मला आजही संताप येतो.

थोड्याच दिवसांत ज्योत बसली. एकट्या गाईच्या शेणावर चहा व्हायचा, भाकरी नाही. आई पाटी घेऊन शेण मागायला निघाली. पण हिशेब सगळ्यांनीच केला होता, गोठे रिकामे होते. थंडीत तर टाकी गॅसच धरेना. सिलिंडरचं नाव काढलं की वडील त्या मेलेल्या टाकीकडं बोट दाखवायचे. "घरचा गॅस असताना इकतचा कशाला?"

पुन्हा चूल आली. तरी आई सकाळी आधी शेगडीचं बटण फिरवून काडी धरायची, काडी बोटापर्यंत जळायची, मग ती कालव्याकडं सरपणाला जायची. नारायणगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, धुरापासून लांब राहा. तिनं मान डोलावली आणि घरी येऊन फुंकणी हातात घेतली. तिच्याऐवजी चूल कोणी फुंकायची, हे ना डॉक्टर बोलले ना आमच्यापैकी कोणी. पुढं पुढं तिला आडवं पडून झोपता येईना.

दोन हजार साल उलटल्यावर घरात सिलिंडर आला, तेव्हा तिला दारापर्यंत चालवत नव्हतं. त्याच हिवाळ्यात ती गेली.

तिच्या शेवटच्या आंघोळीचं पाणी तापवायला अंगणात तीन दगड मांडले. परसात तिनंच कधीतरी आणून ठेवलेली सरपणाची मोळी होती, ती मी उचलून आणली. मोळी बैलाच्या दाव्यानं बांधलेली होती. खुंटीवरून तिनं ते कधी काढलं, कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

वडिलांनी मात्र ते लगेच ओळखलं.

"दावं सोडून खुंटीला लाव," ते म्हणाले.

मी ते लाकडांसकट जाळात घातलं. फार धूर झाला.