नरसिंह उतरवलेला माणूस

सावळा गेल्याची बातमी मला कारखान्याच्या फाटकावर कळली. सकाळच्या पाळीची हजेरी घेऊन मी नुकताच टेबलाशी बसलो होतो. तेवढ्यात पहारेकरी आत आला आणि म्हणाला, "नाना, तुमच्या कुरुळीचा माणूस आलाय सायकलवर. आत चल म्हटलं तर न्हाई म्हणतोय." गावचा माणूस एवढ्या लांब येऊन आत यायला नको म्हणतो, तेव्हा काय ऐकायचं आहे ते पायांना आधी कळतं. बाहेर सावळाचा चुलतभाऊ सायकलचं हँडल घट्ट धरून उभा होता. त्याने नुसती मान हलवली... मी परत आत आलो, हजेरीपट उघडला आणि सावळारामच्या नावापुढे गैरहजेरीची खूण केली, तो इस्पितळात होता त्या प्रत्येक दिवशी केली होती तशीच. मग कितीतरी वेळ तो कागद मला मिटवता आला नाही.

सावळा आणि मी एका आळीतले, एका वयाचे. मी सातवी होऊन कारकून झालो, तो शेतात राहिला. पुढे पिंपरीला कारखाना उभा राहिला तेव्हा तोही हेल्पर म्हणून लागला आणि आम्ही मोशी, भोसरी करत सायकलीवरून बरोबर जाऊ-येऊ लागलो. माणूस जीव लावणारा; पण राग असा की नाकावर बसायलाही त्याला वेळ लागत नसे. एकदा भोसरीच्या अलीकडे त्याच्या सायकलची साखळी तिसऱ्यांदा उतरली. गड्याने सायकल उचलून थेट नाल्यात फेकली. दहा पावलं चालून गेला, परत फिरला, नाल्यात उतरला आणि चिखलाने भरलेली ती सायकल खांद्यावर घेऊन कारखान्यापर्यंत तिला शिव्या देत आला. मी हसून हसून बेजार. त्या वयात मला त्याचा राग गमतीचा वाटे, आणि गावाला तर तो देवाचा प्रसाद वाटे.

याला कारण आमची नरसिंहजयंती. वैशाखातल्या चतुर्दशीला दिवस मावळता मावळता आमच्याकडे देवळाच्या उंबऱ्यावर नरसिंहाचं सोंग निघतं. लाकडी मुखवटा, जबडा उघडा, डोळ्यांच्या जागी बोट जेमतेम जाईल एवढी भोकं. ज्याने तो घालायचा त्याच्या कमरेला नवा दोर बांधतात आणि चार गडी तो मागून धरतात, कारण देव अंगात आला की माणूस आवरत नाही. हिरण्यकश्यपू होणारा उंबऱ्यावर आडवा पडतो, नरसिंह त्याला मांडीवर ओढतो, आणि प्रल्हादाने पायाला हात लावला की शांत होतो. अकरा वर्षं सावळा नरसिंह होता आणि अकरा वर्षं मी त्याचा हिरण्यकश्यपू. तो चार गड्यांना फरफटत नेई. बायका त्याच्या पायांवर पाणी घालत. मग वर्षभर त्याने कोणाला शिवी दिली, कोणाच्या अंगावर धावून गेला, तर म्हातारे कौतुकाने म्हणत, "नरसिंव्ह हाय त्याच्यात. त्यो काय करनार?" त्याला असं पाठीशी घालणाऱ्यांत मीही होतो, हे आज लिहायलाच हवं.

त्याची बायको यमुना रहाटणीची. हसरी, बडबडी मुलगी लग्न होऊन आली आणि चार-पाच वर्षांत बोलायचीच थांबली. घरात नेहमी दाराशी बसायची, तोंड त्याच्याकडे करून. मला वाटे, वाऱ्याला बसत असेल. एका संध्याकाळी आमटी अळणी झाली म्हणून सावळाने तांब्या फेकला. तो लागला त्यांच्या चार वर्षांच्या लेकीला, तारीला, भुवईवर. यमुनेने पदराने रक्त दाबलं, पोरीला कडेवर घेतलं आणि चालत माहेर गाठलं. दुसऱ्या दिवशी मी तिला समजवायला रहाटणीला गेलो. म्हणालो, "वहिनी, मनाचा वाईट नाही तो. राग आहे, जातो." ती म्हणाली, "भावजी, राग जातो तवर आमी कुठं जायाचं?" परत येऊन सावळाला मात्र सांगितलं, की येईल, थोडे दिवस जाऊ दे. असली समजूत मी किती सहज घालत असे!

त्या वैशाखात सोंगात त्याचा गुडघा माझ्या छातीवर असा बसला की बरगडी मोडली. मुद्दाम नव्हे, त्याला मुखवट्यातून दिसतच नव्हतं. पण पुढच्या वर्षी हिरण्यकश्यपू व्हायला गावात एकही गडी तयार होईना. देवळात बैठक बसली. सगळे एकमेकांकडे पाहत होते. शेवटी सावळाच म्हणाला, "मी पडतो. नाना, तू नरसिंव्ह हो." लोक हसले. मी, हजेरी घेणारा कारकून, चष्मा लावणारा माणूस!

पण मुखवटा घातला आणि मला काय झालं ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. आत घाम, अंधार, स्वतःचाच श्वास. मागे दोर ताणलेला, म्हणजे आपल्याला आवरायची जबाबदारी दुसऱ्यांची. बाहेर गाव ओरडतंय. मी गर्जना केली, आणि मला फार बरं वाटलं. मोडलेल्या बरगडीची आठवण झाली आणि मी सावळाला जोराने ओढला. तो मांडीवर पडला. मग खालून आवाज आला, "नाना... नाना, मी हाय रं." नाटकात हे वाक्य नव्हतं. मला ऐकू आलं होतं, तरी मी लगेच थांबलो नाही. प्रल्हादाचा हात पायाला लागला तेव्हा थांबलो.

सोंग उतरल्यावर सावळा देवळामागच्या दगडावर बसलेला सापडला. म्हणाला, "खालनं बघितलं तर त्या मुखवट्याला डोळंच न्हाईत. मी वरडलो, तरी कुनाला वरडलो ते कळंना. तुझा पत्ताच न्हाई आत." मग म्हणाला, "यमुनीला रोज आसंच दिसलं आसंल का रं?" मी म्हणालो, "हो." इतक्या वर्षांत त्याच्याशी खरं बोललेला माझा तो पहिला शब्द असावा.

त्यानंतर त्याने मुखवट्याला हात लावला नाही. गाव चिडलं, देव कोपेल म्हणालं. तो ऐकून घ्यायचा. राग मात्र एका दिवसात गेला नाही. असा जात नसतोच. तो आला, की सावळा असेल तिथे खाली बसायचा. शेताच्या बांधावर, कारखान्याच्या आवारात, एकदा तर मोशीच्या भर रस्त्यात सायकल आडवी टाकून. उभा राहिलो की समोरच्याला मी तसाच दिसतो, म्हणायचा. पोरं टिंगल करायची, "सावळादादा बसला रं!" तो बसल्या बसल्या हसायचा. दर सुट्टीला रहाटणीला जायचा आणि सासऱ्याच्या ओट्याच्या खालच्या पायरीवर बसून यायचा. चल म्हणून एकदाही म्हणाला नाही. एकदा यमुनाच म्हणाली, "मला अजून भ्या वाटतं." तो म्हणाला, "वाटनारच. मी बघितलंय त्ये." हे मला तिनेच पुढे सांगितलं.

दिवाळीच्या पाडव्याला ती आली. पहिले काही महिने पुन्हा दाराशीच बसायची. तो काही बोलायचा नाही. मग माघातल्या एका सकाळी सायकलवर टांग टाकायच्या आधीच त्याने माझा दंड धरला. डोळे भरलेले. "नाना, काल सांजच्याला मी घरात आलो, तर यमुनी चुलीकडं त्वांड करून भाकरी थापत व्हती. माझ्याकडं पाठ करून! मी आत आलो, बसलो, तरी वळली न्हाई." त्या दिवशी भोसरीपर्यंत तो गात होता. गळा भसाडा, तरी गात होता.

वैशाख लागता लागता कुळवाची लोखंडी फास त्याच्या पायात घुसली. हळद-चुना लावला आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर. आठवड्याने जबडा आखडला. धनुर्वात. पुण्याच्या इस्पितळात त्याला अंधाऱ्या खोलीत ठेवलं होतं. उजेड पडला, भांडं वाजलं, तरी झटका यायचा. मी पायातल्या चपला बाहेर काढून आत गेलो. आवाज न करता त्याच्या खाटेशी जमिनीवर बसलो. त्याला तोंड उघडता येत नव्हतं. त्याने बोटांनी माझ्या छातीवर, मोडलेल्या बरगडीच्या जागी, हलकंच चाचपलं... मला तेव्हा रडताही आलं नाही, कारण रडण्याचाही आवाज होतो.

स्मशानात मागून कोणीतरी म्हणालं, "देवाचं सोंग टाकलं, आजून काय व्हनार?" माझा हात उठला होता, अगदी उठला होता. मी तिथेच मातीत बसलो. लोकांना वाटलं, मला घेरी आली.

गेल्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेलो. यमुना चुलीपाशी भाकरी थापत होती, पाठ माझ्याकडे. तारी भिंतीला टेकून बसली होती. मी हाक मारली, तर यमुना न वळताच "बसा भावजी" म्हणाली. इकडचं तिकडचं बोलणं झालं, तारीच्या शाळेचं, शेतात कुळवाच्या राहिलेल्या पाळीचं. तरी ती वळेना. शेवटी न राहवून मी म्हणालो, "वहिनी, जरा इकडे बघा तरी." तिचे हात परातीत थांबले.

"न्हाई भावजी," ती म्हणाली. "चुलीकडं त्वांड आसलं, की ते मागं बसल्यात आसं वाटतं. वळलं की न्हाईत."