चुकण्यापुरती जागा

परवा जव्हारच्या बाजारात एका बाईच्या पुढ्यात, पळसाच्या पानावर, मधाच्या पोळ्याचं मेण ठेवलेलं दिसलं. मूठभर गोळा, पिवळट तपकिरी, त्यावर दाबणाऱ्या बोटांचे ठसे. मी खरं तर मेथी घ्यायला थांबले होते. मेथी राहिली बाजूला. मी वाकून त्या गोळ्याचा वास घेतला आणि भर बाजारात, पिशवी काखेत धरून, मला इतका आनंद झाला की हसूच फुटलं. बाईनं माझ्याकडे जरा संशयानं पाहिलं. म्हणाली, "मेन पायजेल, का नुस्ता वासच घेयाचा?" दोन्ही पाहिजे, म्हटलं. मेण घेतलं, मेथी विसरले, आणि घरी येईपर्यंत मी जव्हारात नव्हतेच. आमच्या परसातल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये होते, आणि माझे वडील मांडी घालून माझ्यासमोर बसले होते.

ही शेड बाबांनी निवृत्त झाल्यावर बांधली. त्यांची सगळी नोकरी सरकारी कचेरीत, कारकुनाच्या खुर्चीत गेली. मे महिन्यात निरोपाची शाल अंगावर घेऊन घरी आले आणि दुसऱ्याच आठवड्यात परसाच्या कोपऱ्यात चार सागाचे खांब उभे राहिले. वर पत्रा, बाजूंना कारवीच्या काड्यांचे कूड, कुडांना शेणामातीचा गिलावा. दाराला कडी आणि कडीला कुलूप. "बागेची अवजारं ठेवायला," बाबांनी जाहीर केलं. आता गंमत अशी, की आमच्याकडे बाग नव्हती. एक लिंबाचं झाड होतं, तेही रुसलेलं, आणि दोन जास्वंदी, ज्यांना पाणी आई घालायची. बाबांनी एक नवं कुदळ-फावडं आणलं, एक झारी आणली, ती शेडमध्ये ठेवली आणि रोज दुपारी चहा झाला की ते 'बागेचं काम' करायला आत जाऊन आतून कडी लावू लागले. दीड-दोन तासांनी बाहेर येत, तेव्हा हाताला माती नसे, कपाळाला मात्र घाम असे. आई म्हणायची, बाग आतच लावलीय वाटतं, उन्हाची दृष्ट लागेल म्हणून.

पुरुषांना घरात जागा नसते, हे मला त्या पावसाळ्यात प्रथम कळलं. ऐकायला उलटंच वाटतं, कारण घर त्यांच्या नावावर असतं. पण नीट बघा: बाईला रागावायला, रडायला, स्वतःशी पुटपुटायला निदान स्वयंपाकघर असतं; तिथं भांडी तिच्या बाजूनं वाजतात. पुरुषाला असते एक खुर्ची, आणि ती बैठकीच्या मधोमध, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेसमोर. बाहेर जावं तर चहाची टपरी, पार, डेपोसमोरचा कट्टा. सगळीकडे चार माणसं आणि त्या चार माणसांत राखायचा आब. आमचे बाबा तर आबाचे पक्के. मस्टरवरच्या सहीसारखं त्यांचं बोलणं, एकही अक्षर इकडचं तिकडे नाही. मी तेव्हा मोखाड्याकडच्या एका शाळेत शिकवत होते आणि शनिवार-रविवार घरी यायचे. मला वाटलं, खुर्ची सुटल्यामुळे माणूस कावराबावरा झाला असेल, झोप काढत असेल बिचारा.

याच सुमाराला आईचं काशाचं ताट हरवलं. लग्नात तिच्या वडिलांनी दिलेलं, जड, कडेला किंचित चेमटलेलं. वापरात नव्हतं, पण फळीवर सगळ्यांत वर त्याची जागा होती आणि ती जागा रिकामी दिसली. आईचा संशय गेला शेजारच्या काकूंवर. वडाच्या पूजेला त्यांच्याकडे फणसाचे गरे पाठवले होते, ते त्याच ताटातून, असं तिनं ठरवूनच टाकलं. आता ताट परत मागायचं कसं? सरळ मागणं म्हणजे चोर म्हणण्यासारखं. मग आईनं आमच्याकडचा जुना मार्ग धरला. शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नसतं, हे सगळ्यांना ठाऊक. तेव्हा आपण काहीतरी पाठवत राहायचं, कधीतरी भांड्यांच्या अदलाबदलीत आपलं ताट आपसूक घरी येईल. शिरा गेला. अळूवडी गेली. तांदळाच्या भाकरी आणि शेवळाची भाजी गेली. काकूंकडून प्रत्येक भांडं परत आलं, भरून आलं. घावन आले, काकडीची तवसळी आली, एकदा तर अख्खी कोंबडी शिजून आली. काशाचं ताट काही आलं नाही. त्या पावसाळ्यात दोन्ही घरांनी बाळसं धरलं आणि काकू मला म्हणाल्या, "तुझी आई म्हणजे देवमाणूस गं, किती करते आमचं." मी मान हलवली, दुसरं काय करणार.

मग भाद्रपदातला तो रविवार. आमच्याकडचा पाऊस पत्र्यावर पडायला लागला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. आणि त्या दुपारी तो कुणी चावी फिरवावी तसा एकदम थांबला. थांबला, आणि शेडमधून एक आवाज उघडा पडला. भुंग्यासारखा, पण भुंग्याहून खोल. लांबत जाणारा, मध्येच तुटणारा, पुन्हा धरणारा. आईनं कान दिला. "वाशाला भुंगा लागला. सगळं लाकूड पोखरून टाकील. जा, बघून ये." मी गेले. कडी नीट बसली नव्हती, दार ढकललं.

बाबा जमिनीवर बसले होते. पुढ्यात गोणपाटाच्या चुंबळीवर आईचं काशाचं ताट. ताटाच्या मधोमध मेणाचा गोळा, मेणात हातभर लांब, गुळगुळीत काडी उभी. बोटांना राख लावून बाबा ती काडी दोन्ही हातांनी वरून खाली ओढत होते आणि सगळं ताट गुणगुणत होतं. शेजारी मोबाइल, त्यात कधीकाळी रेकॉर्ड केलेला मोठ्या काकांचा आवाज. आत मेणाचा, राखेचा आणि ओल्या कारवीचा वास कोंडला होता. मला पाहताच बाबांचे हात जागीच थबकले. माझ्या वर्गात कॉपी करताना सापडलेली पोरं असंच बघतात.

"दार लाव," ते म्हणाले. मग, "आईला सांगू नको."

"ताटाचं?"

"कशाचंच."

मोठे काका, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, सूर्यमाळच्या खालच्या अंगाला आमच्या पाड्यावर राहायचे. आमच्या कुळात नवा दाणा घरी आला की आधी थाळी वाजवायची आणि कणसरीची, म्हणजे धान्याच्या माउलीची, कथा सांगायची. ती ऐकल्याखेरीज नवा घास कुणी तोंडात घालायचा नाही. ते काम काकांचं. त्या चैत्रात काकांना लकवा झाला. उजवा हात गेला आणि जीभ जड झाली. पाड्यावरची तरणी माणसं ठाण्या-मुंबईकडे कामाला. थाळी कुणालाच येत नव्हती. "भेटायला गेलो तर दादा नुसता थाळीकडे बघत बसलेला," बाबा म्हणाले. "मी म्हटलं, मी वाजवीन. बोलून तर बसलो. अन् मला ओ की ठो येत नाही. स्टीलचं ताट घेऊन बसलो आधी, ते मेलं नादच देईना. मग हे घेतलं." दिवाळीनंतर भात घरात येणार होतं. बाबांना नाही जमलं तर कथेविना दाणा तसाच कणगीत पडून राहणार, आणि काका तो बघत बसणार.

साठीला टेकलेला, इस्त्रीच्या शर्टातला माझा बाप चोरून काहीतरी शिकत होता, आणि त्या चोरीत मी सामील झाले होते. आईला भुंगा हाकलला म्हणून सांगितलं आणि पुढचे सगळे रविवार मी पहारा दिला. पाऊस ओसरू लागला की मी खिडकीतून खोकायचे, म्हणजे आता हळू वाजवा. हात हळूहळू वळू लागला. खरी अडचण कथेची होती. कथा पाड्याच्या बोलीतली आणि बाबांनी ती बोली कचेरीच्या पायरीवर काढून ठेवली होती. आम्हा मुलांना तर ती येऊच दिली नाही, शाळेत हसतील म्हणून. आता थाळीच्या नादावर ते डोळे मिटून सुरू करायचे आणि तोंडातून यायचं, "सदर कणसरी अपमान झाल्यामुळे घर सोडून निघून गेली असल्याचे दिसून येते." मी तोंडात ओढणी कोंबायचे. बाबा आधी चिडायचे, मग तेही हसायचे. आणि त्यांना इतकं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

तेव्हा मला त्या शेडचं मर्म उमगलं. बाबा तिथं लपायला जात नव्हते, एकांतात ध्यान लावायलाही जात नव्हते. ते चुकायला जात होते. जन्मभर ज्यानं बरोबरच असायचं, घरी बरोबर, कचेरीत बरोबर, सोयऱ्यांत बरोबर, त्याला कच्चं, वेडंवाकडं, हास्यास्पद असायला दहा बाय आठची जागा लागली. मी मास्तरीण असून हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या वर्गात तरी मुलांना चुकायला कोपरा कुठं होता? त्या वर्षापासून मी पोरांच्या वह्यांचं मागचं पान तपासत नाही.

दिवाळी झाली आणि आम्ही तिघं पाड्यावर गेलो. दुपार कलली होती. अंगणात नव्या भाताची रास, एका बाजूला बाप्ये, दुसऱ्या बाजूला बायका, मधे बाजेवर काका, उजवा हात मांडीवर ठेवलेला. बाबांनी पिशवीतून थाळी काढली. मी आईकडे बघितलंच नाही. बघायची छाती झाली नाही. फक्त तिच्या बांगड्या एकदा वाजल्या, मग वाजायच्या थांबल्या. बाबांनी राख घेतली, काडी ओढली, आणि नाद असा भरून आला की पोटातून वर चढल्यासारखा वाटला. आणि बोली! कचेरी गळून पडली होती. कणसरीच्या टोपलीला कुणी लाथ मारली, ती रुसून गेली, डोंगर ओलांडले, लोक उपाशी फिरले, शोधत शोधत आले, खडकाच्या कपारीत ती बसलेली दिसली, सगळे तिच्यापुढे हात जोडून उभे राहिले. आणि बाबा थांबले.

नाद चालू होता, शब्द नव्हता. लोकांनी माउलीला काय म्हटलं, तेच गेलं डोक्यातून. मला बाबांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या दिसल्या. काकांचे ओठ हलले, पण जीभ उचलेना. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. कुणी हसलं नाही, पण मला वाटलं, आता कुणीतरी हसेल आणि हा माणूस उठून जाईल तो परत कधी येणार नाही. एवढ्यात बायकांच्या रांगेतून आवाज आला, अगदी घरातल्यासारखा.

"चाल वो माय घरा. तुझी कनगी रिती हाय."

आई होती. ही कथा बायांनी ऐकायची असते, सांगायची नसते; पण तिचे वडील तिच्या माहेरच्या पाड्यावर थाळी वाजवायचे आणि ती लहानपणी त्यांच्या मांडीला मांडी लावून बसायची, हे तिनं आम्हाला कधी सांगितलं नव्हतं, आम्हीही विचारलं नव्हतं. एक म्हातारा पुटपुटला, "बाई कशी बोलली?" काकांनी डावा हात वर केला आणि तो गप्प झाला. बाबांनी ओळ उचलली, कणसरीला घरी आणलं, कथा पुरी केली. मग काकांनी डाव्या हातानं नव्या भाताचा पहिला घास घेतला आणि स्वतः खायच्या आधी तो धाकट्या भावाच्या तोंडात घातला. आम्ही सगळे एकदम बोलायला लागलो, कोण काय बोलत होतं कुणास ठाऊक.

परतीच्या जीपमध्ये आई एवढंच म्हणाली, "काकूंकडची ती कोंबडी आता कशी फेडायची?"

काका पुढे दोन वर्षांनी गेले. बाबा दरवर्षी पाड्यावर जातात, आईही बरोबर असायची; मला मात्र मधली वर्षं जमलं नाही. मी आईला म्हटलं होतं, आता काय चोरी, त्यांना बैठकीत वाजवू दे. त्यांनी एकदा बसून बघितलं, हात वळेना. गेले पुन्हा शेडमध्ये.

गेल्या वर्षी आईच्या गुडघ्यांनी चढ नाही म्हटलं, म्हणून बाबांबरोबर मी एकटीच गेले. कथा कपारीपाशी आली आणि बाबा थांबले. आता शब्द त्यांना तोंडपाठ आहेत, हे मला माहीत होतं. तरी आई नाही, आता कोण बोलणार, ही एकच भीती. बाबा मात्र निवांत होते. बोटं काडीवर, नजर बायकांच्या रांगेकडे. आणि अख्खी रांग एका सुरात आईची ओळ म्हणू लागली, मागून मीही. शेजारी बसलेली एक नवी सून, त्याच वर्षी त्या घरात आलेली, मला कोपरानं ढोसून समजावू लागली, "इथं बाप्यांनी नाय बोलायचा. इथं बायांनीच सांगायचा, पयल्यापासून तसाच हाय."

तिला खरं सांगणार तरी कशी? माझ्या तोंडात ती ओळ अजून पुरी व्हायची होती: चाल वो माय घरा.