झाकणाच्या भट्टीवरचे चाप

केदारखेड्याच्या आसपास कुठंही कंदुरी, म्हणजे नवसाच्या बोकडाचं गावजेवण, असली की मटण करायला दैवशालाबाईंना बोलावणं यायचं. खरं तर कंदुरीचं मटण बायकांनी करायची रीत नाही, ते काम पुरुषांचं. त्यांचे मालक धर्मराज ते करायचे. नऊ वर्षांपूर्वी धर्मराजांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. त्यानंतरच्या पहिल्याच कंदुरीला लोकांनी त्यांना बाजेसकट टेम्पोत घालून नेलं आणि चुलांगणापाशी ठेवलं. जड जिभेनं ते सांगत गेले, बाई करत गेल्या. दीडशे माणूस जेवून उठलं, पण मिठाला कुणी नाव ठेवलं नाही. पुढच्या खेपेला बाई एकट्याच गेल्या. जाळ किती, वाफ कधी, मटण बोटाला कसं लागलं म्हणजे झालं, हे त्यांना कुणाला विचारावं लागेनासं झालं.

म्हणूनच गावातल्या कल्याणनं भोकरदन रस्त्यावर शेतात हॉटेल काढलं, तेव्हा तो आधी त्यांच्या दारात आला. दहा वर्षं पुण्याच्या मोठ्या हॉटेलांत काम करून तो परतला होता. "काकू, तुमच्या हातचं मटण अन् माझं हॉटेल," असं म्हणाला. बाईंना ते पटलं. वर्षभर चुलीवरचं मटण, बाजरीची भाकरी असं बराबर चाललं.

मग एके दिवशी ती वस्तू आली. पुण्यातलं एक हॉटेल बंद पडलं होतं, तिथून कल्याणनं ती उचलली. हिरव्या रंगाची, अंड्याच्या आकाराची, कमरेइतकी उंच, चिनी मातीची जाडजूड भट्टी. वर बिजागरीचं झाकण, झाकणाच्या टाळूला एक भोक, खाली पोटाशी एक खिडकी. सोबत बिडाची जड जाळी, अर्ध्या चंद्रासारखे दोन दगडी तुकडे, लांब चिमटा आणि झाकणावर उष्णता दाखवणारा घड्याळासारखा काटा.

"ह्यात पाणी ठेवायचं का?" बाईंनी विचारलं. त्यांना तो रांजणच वाटला होता.

"न्हाई काकू, मटण भाजायचं. वरून खरपूस, आतून रसाळ."

"अन् शिजवायचं कधी?"

"भाजलं की झालं."

चार शिट्ट्यांना न बधणारं बोकडाचं मटण नुसतं भाजून कसं होणार, हे बाईंना कळेना. कल्याणनं कोंबडीचे तुकडे भाजून दाखवले. पण त्याचा हात इतका भराभर चालला, की कुठली खिडकी कधी उघडली अन् कधी लावली, याचा बाईंच्या डोक्यात नुसता गुंता झाला.

त्याच रविवारी जालन्याच्या एका बियाणे कंपनीचे आठ पाहुणे दुपारच्या जेवणाला येणार होते. त्यांचे मोठे साहेब बरीच वर्षं परदेशात राहिलेले. त्यांनी मुद्दाम भाजलेले चाप, म्हणजे बरगडीचे हाडासकट तुकडे, सांगितले होते. कल्याण त्यांना आणायला जालन्याच्या स्टेशनावर गेला आणि गाडीनं तासभर उशीर केला. त्यानं फोन केला, "काकू, तुम्ही भट्टी पेटवून ठेवा. एक चाप टाकूनबी बघा."

बाईंनी कोळसा भरला, पेटवला. ते दगडी तुकडे त्यांना तव्यासारखे दिसले, म्हणून ते निखाऱ्यांवर बसवले, त्यावर जाळी ठेवली. चाप मसाल्याच्या पाण्यातून काढून एक जाळीवर टाकला आणि झाकण लावलं. दहा मिनिटांनी उघडलं तर चाप राखाडी पडलेला, पाणी सुटलेलं, डाग म्हणून नाही. आजाऱ्यासारखं तोंड झालेलं ते मटण बघून बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी फोन लावला.

"अरे कल्याण, हे तं उकडून राह्यलं!"

"दगड काढले का?"

"काढायचे व्हते? मंग दिले कशाला?"

"ते आडोसा करायला असतात. मोठं मटण आधी मंद आचेवर होऊ द्यायचं असलं तं ठेवायचे. डाग पाडायचा तं जाळीखाली थेट इंगळ पाहिजे. दगड काढा. जाळी चिमट्यानं इंगळाजवळ उतरवा. खालची खिडकी पूर्ण उघडा, वरचं भोकबी उघडा अन् झाकण लावा."

"झाकण लावून जाळ इझणार न्हाई का?"

"न्हाई, वाढंल."

"लावल्यावर वाढंल?"

"हो काकू. काटा तीनशेच्या पुढं गेला की चाप टाका. अन् मटण कोरडं करा, फडक्यानं पुसून. ओलं असलं तं डाग पडत न्हाई."

बाईंनी फोन ठेवला. जन्मभर त्यांनी झाकण लावलं ते वाफेसाठी आणि जाळ वाढवला तो फुंकणीनं. इथं झाकल्यावर जाळ वाढतो, आणि मसाल्यात मुरवलेलं मटण पुसून कोरडं करायचं! ऐकण्यात काही चूक तर झाली नाही? पण सांगणाऱ्यानं दहा वर्षं हेच केलं होतं. त्यांनी चिमट्यानं दगड काढले, जाळी उतरवली, खिडकी आणि भोक उघडून झाकण लावलं, चाप पुसले, वरून मीठ आणि तेलाचा हात लावला.

वीस मिनिटांनी काटा तीनशेवर गेला. आतून घुमल्यासारखा आवाज यायला लागला. बाईंनी झाकणाची मूठ धरली आणि रोजच्या पातेल्याचं उघडतात तसं झटक्यात वर उचललं.

भस्सकन जाळ बाहेर आला. बाई मागं कोलमडल्या. डाव्या भुवईचे केस जळल्याचा वास आला. पदराचं टोक तेवढं वाचलं. त्यांनी तोंडावर पाणी मारलं आणि पायरीवर बसून राहिल्या. शंभर कंदुऱ्या पार पाडलेल्या बाईला एका रांजणानं भाजावं, याची भीती जास्त की लाज जास्त, हे त्यांचं त्यांनाच उमगेना. घरी निघून जावं, असंही मनात आलं. पण आठ माणसं उपाशी येणार होती.

त्यांनी पुन्हा फोन केला. कल्याण घाबरला. "चुकलंच माझं, काकू, हे सांगायला पाहिजे व्हतं. आधी दोन बोटं उचलायचं, आत थोडी हवा जाऊ द्यायची, मंग हळू उघडायचं. राहू द्या आता, मी आलो की करतो."

"आता कशाला राहू देऊ? भुवई तं गेलीच."

पाहुणे आले तेव्हा बाई भट्टीपाशीच उभ्या होत्या; कल्याण त्यांच्या शेजारी येऊन थांबला. दोन बोटं झाकण उचललं, थांबल्या, मग उघडलं. चाप बिडावर पडले तसा चर्रकन आवाज झाला. हा आवाज मात्र ओळखीचा होता. हलवावंसं वाटत होतं, पण कल्याण म्हणाला, "हात लावू नका, आपोआप सुटतील." आणि दोन मिनिटांनी खरंच सुटले. खालून तपकिरी, जाळीच्या रेघा उठलेल्या. दुसरी बाजू झाली की त्याचं म्हणणं, "बास, काढा."

"आत कच्चं हाय, बाबा. मला बोटाला कळतं."

"तसंच पाहिजे त्यांना."

मोठ्या साहेबांनी चाप कापला. आत गुलाबी. बाईंनी शरमेनं मान खाली घातली. साहेब सावकाश चावत राहिले, मग उठून आत आले आणि हात जोडून म्हणाले, "बाई, असे चाप मी फार दिवसांनी खाल्ले." बाकीच्या सात जणांपैकी तिघांनी मात्र हळूच रस्सा-भाकरी मागवली. खरं कुणाचं धरायचं? बाईंनी एक तुकडा तोंडात टाकून पाहिला. वरचं करपट-खमंग लागलं, आतलं लवचीक. चांगलं की वाईट, हे त्यांना ठरवता येईना.

पाहुणे गेल्यावर त्या निखाऱ्यांवर पाणी टाकायला निघाल्या, तर कल्याण ओरडला, "पाणी नका टाकू, तडकंल! दोन्ही तोंडं बंद करा, आपोआप इझंल." बाईंनी बंद केली. सकाळी उघडलं तर निम्मा कोळसा जसाच्या तसा, पुन्हा पेटवण्याजोगा. त्या बराच वेळ तो हातात घेऊन बघत राहिल्या.

घरी त्यांनी धर्मराजांना सगळं सांगितलं. ते हसू लागले, तोंडाच्या एकाच बाजूनं. "आता जाणार का न्हाई तिथं?"

"जाते की," बाई म्हणाल्या. आठवड्याभरानं मात्र त्यांनीच सांगितलं, "रोज नवंच वाटून राह्यलं. कालच्यासारखंच केलं तरी आज येगळं होतं."

आता कल्याणनं मटणात खुपसायची काटेवाली नळी आणली आहे, आतल्या उष्णतेचा आकडा दाखवणारी. बाई आधी बोटानं दाबून बघतात, मग नळी खुपसतात. दोन्हींचं कधी जुळतं, कधी जुळत नाही. जुळलं नाही की त्या चिमटा हातात धरून भट्टीपुढं तशाच उभ्या राहतात आणि कल्याणला हाक मारतात.