दगडी राक्षस आणि आईचा अंगठा

आईच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय दोनेक महिन्यांत सावरला, हात मात्र रुसून बसला. नाशिकच्या डॉक्टरांनी मुठीत दाबायला रबरी चेंडू दिला होता, तो तिने दुसऱ्याच दिवशी कोंबड्यांना फेकून मारला. पेरणीआधी जमीन भाजायच्या राबासाठी फांद्या तोडायचे दिवस आले होते, आणि कमरेच्या आकडीत कोयता अडकवल्याशिवाय कधी घराबाहेर न पडलेली ही बाई दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याच्या चुका काढत होती. हात परत येईल का, एवढंच ती मला रोज विचारायची. मी विषय बदलायचो.

मी मोखाड्यात सरकारी कारकून. ऑफिसात नेट गेलं की मोबाइलवर राक्षस मारतो. नेट आलं तरी मारतो. एका रविवारी तोच फोन आईच्या उजव्या हातात दिला. या खेळात हत्यार तीन तऱ्हांनी चालतं. अंगठा आडवा ओढला की तलवार फिरते. ती दोघातिघांना एकदम कापते, पण समोरच्याच्या अंगावर लोखंड असलं की नुसता खणखणाट. टिचकी मारली की भाला जातो. तो एकालाच लागतो, पण चिलखताच्या फटीतून आत शिरतो. आणि तीन मोजेपर्यंत अंगठा दाबून धरला की गदा आदळते. गदा महा आळशी, पण दगडी राक्षस फुटतो तो फक्त तिनेच.

मी स्वतः महिनाभर त्या राक्षसावर तलवार चालवत होतो, कारण तलवार दिसायला झकास होती. आईने एकदाच बघितलं आणि विचारलं, दगडाला कोयता लावणाऱ्याला सरकार पगार कशाचा देतं?

तिने तिन्ही हल्ल्यांना आपली नावं ठेवली: तोड, खुपस, झोड. लुटारू तिने तासाभरात तोडले, चिलखतवाले खुपसले. शेजारणी बघायला येऊ लागल्या. झोडणं मात्र जमेना. दोनपर्यंत अंगठा थरथरायचा आणि सुटायचा. मग राक्षस तिला चिरडायचा आणि ती त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. पंधरा दिवस हेच चाललं.

मला बघवेना. एका सकाळी तिच्या नकळत मी सेटिंगमध्ये जाऊन खेळ सोपा करून टाकला. आता नुसता अंगठा टेकला तरी गदा पडणार होती. दुपारी तिने अंगठा ठेवला, तो नेहमीसारखा सुटला, आणि राक्षसाचा भुगा झाला. शेजारणी खूश झाल्या. मीही टाळ्या वाजवल्या, जरा जास्तच.

बायका गेल्यावर आईने फोन माझ्यापुढे सरकवला.

"मी दोनवर सोडला. त्यो मेला कसा?"

बसला असेल नेमका घाव, असं काहीतरी मी पुटपुटलो.

"सगले खोटा बोलतात. हाताला तरी खरा कळू दे."

मला मान वर करवेना. तिच्या रोजच्या प्रश्नाचं उत्तर मी मनात कधीच 'नाही' असं देऊन मोकळा झालो होतो, आणि ते तिला आज कळलं होतं. लाज वाटली. खेळ पुन्हा होता तसा अवघड केला. राक्षस उभा राहिला. तिचा अंगठा दोनवर सुटला आणि त्याने तिला चिरडलं.

"आता बरा," ती म्हणाली. तिने पुन्हा अंगठा टेकला आणि माझ्याकडे बघितलं.

"मोज. मोठ्यांदा मोज."